किंथुपचे ओंडके बघायला तेव्हा कुणी नव्हतं, आज तरी आहे का?

चीनने जुलै 2025 मध्ये तिबेटमधल्या मेदोगच्या धरणाचं काम सुरू केलं आणि तेव्हापासून ब्रह्मपुत्रेवर बोलणारे एकदम वाढले. साठ हजार मेगावॅटचा प्रकल्प, जगातला सगळ्यात मोठा, तोही भारताच्या सीमेला लागून, म्हणजे काळजी वाटणारच. अरुणाचलचे मुख्यमंत्री त्याला पाण्याचा बॉम्ब म्हणाले, टीव्हीवर नकाशे फिरले, आपणही फॉरवर्ड केले. ती भीती खोटी आहे असं मी अजिबात म्हणत नाही. पण या सगळ्या चर्चेत एक गोष्ट सतत राहून जाते आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते, ती म्हणजे नदी वरून खाली येते तेव्हा तिच्यात किती पाणी आहे, काय बदललंय, हे खालच्या गावातल्या माणसाला कोण सांगणार आणि ते जाणून घ्यायचा हक्क त्याला आहे की नाही. चीनने डेटा द्यावा असं आपण म्हणतो ते बरोबरच आहे, पण आपल्याच हद्दीत, आपल्याच पैशातून, आपल्याच सरकारने मोजलेला ब्रह्मपुत्रेचा प्रवाह आपल्याला बघायला मिळत नाही, याबद्दल कुणाला राग येताना दिसत नाही. माझं म्हणणं सरळ आहे, हा डेटा खुला करा. आणि का करायचा हे समजून घ्यायचं असेल तर याच नदीवर गेलेल्या किंथुपच्या मोहिमेची गोष्ट माहीत असायला हवी, जी आपल्या शाळांमध्ये शिकवली जात नाही.

एकोणिसाव्या शतकात भूगोलातलं एक मोठं कोडं होतं. तिबेटच्या पठारावरून पूर्वेकडे जाणारी त्सांगपो शेवटी जाते कुठे? आसाममध्ये डोंगरातून दिहांग बाहेर पडते, जिला आज आपण सियांग म्हणतो आणि जी पुढे ब्रह्मपुत्रा होते, तीच ही का? की त्सांगपो पुढे जाऊन ब्रह्मदेशातल्या इरावतीला मिळते? रॉबर्ट गॉर्डन नावाचे इंजिनिअर इरावतीच्या बाजूने जोरात मांडणी करत होते, सर्व्हे ऑफ इंडियाचे अधिकारी दिहांगच्या बाजूने. मधला पट्टा कुणा सर्व्हेअरने बघितलेलाच नव्हता. नामचा बारवा हे 7,782 मीटरचं शिखर आणि समोर ग्याला पेरी, 7,294 मीटर, या दोघांच्या मधून नदी जाते आणि दक्षिणेकडे वळण घेते, हेच तिचं महावळण. वर ग्यालाजवळ नदी साधारण अडीच-तीन हजार मीटर उंचीवर, आणि खाली पासीघाटला दीडशेच्या आसपास, म्हणजे मधे एवढी उंची ती कशी उतरते, कुठेतरी नायगारासारखा प्रचंड धबधबा असणार, अशा कल्पना लंडनपर्यंत रंगत होत्या.

तिबेटमध्ये युरोपियन माणसाला प्रवेश नव्हता, म्हणून सर्व्हे ऑफ इंडियाने 1863 पासून डेहराडूनला स्थानिक माणसांना ट्रेनिंग द्यायला सुरुवात केली. कॅप्टन माँटगोमेरी यांची ही योजना. यात्रेकरू किंवा व्यापाऱ्याच्या वेशात जायचं, पावलं मोजायची, जपमाळेत 108 ऐवजी 100 मणी ठेवायचे, शंभर पावलांना एक मणी ओढायचा, प्रार्थनाचक्रात मंत्राऐवजी नोंदींचे कागद लपवायचे, पाणी किती तापमानाला उकळतं त्यावरून उंची काढायची. कुमाऊँच्या मिलम गावचे नैनसिंग रावत 1865-66 मध्ये असं करत ल्हासापर्यंत गेले. त्यांना 1877 मध्ये रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं आणि 2004 मध्ये भारत सरकारने त्यांचं तिकीट काढलं. ते मिळायलाच हवं होतं. पण याच खात्याने पाठवलेला एक माणूस असा आहे की ज्याला यातलं काही मिळालं नाही, आणि माझ्या मते त्याचं काम नैनसिंगांच्या तोडीचं आहे.

त्याचं नाव किंथुप. सिक्कीमचा, दार्जिलिंगमध्ये राहणारा, लिहिता-वाचता न येणारा. याआधी नेमसिंग नावाच्या सर्व्हेअरबरोबर तो 1878-79 मध्ये ग्यालापर्यंत जाऊन आला होता. मग कॅप्टन हेन्री हारमन यांनी 1880 च्या ऑगस्टमध्ये एका लामाला पाठवलं आणि किंथुपला त्याचा नोकर म्हणून सोबत दिलं. काम असं, त्सांगपोच्या कडेने जेवढं खाली जाता येईल तेवढं जायचं, आणि आसामपर्यंत पोचता आलं नाही तर खुणा केलेले पाचशे ओंडके, रोज पन्नास याप्रमाणे, नदीत सोडायचे. प्रत्येक ओंडक्याला ओळख म्हणून पत्र्याची नळी. खाली आसामात, जिथे दिहांग सपाटीवर येते, तिथे हारमनची माणसं बघत बसणार. ओंडके दिसले की सिद्ध झालं, नदी एकच. मला ही योजना फार आवडते कारण ती अगदी साधी आहे आणि तिच्यात दोन टोकं आहेत, वर टाकणारा आणि खाली बघणारा. एक टोक जरी सुटलं तरी सगळं वाया.

पुढे काय झालं ते वाचताना माणूस अस्वस्थ होतो. वाटेत एका गावात लामाचे यजमानाच्या बायकोशी संबंध जुळले, चार महिने तिथेच मुक्काम, शेवटी प्रकरण मिटवायला पंचवीस रुपये भरले ते किंथुपने. मग मे 1881 मध्ये टोंगक्युकच्या किल्ल्यापाशी लामा म्हणाला मी जरा जाऊन येतो, आणि तो गेला तो गेलाच. काही दिवसांनी किंथुपला कळलं की लामाने आपल्याला तिथल्या अधिकाऱ्याला गुलाम म्हणून विकलंय. मार्च 1882 मध्ये तो पळाला. आता इथे कुठलाही माणूस घरचा रस्ता धरेल, आणि धरला असता तर त्याला कुणी एक शब्द बोललं नसतं, मोहिमेचा प्रमुखच पळून गेला होता आणि हा तर नोकर. किंथुप नदीच्या दिशेने खाली गेला. मागावर माणसं आली तेव्हा मारपुंगच्या मठात शिरून तिथल्या मुख्य लामाच्या पाया पडला, आणि त्या लामाने पन्नास रुपये देऊन त्याला विकत घेतलं. म्हणजे गुलामी सुटली नाही, मालक बदलला.

त्या मठात काम करत असताना त्याने यात्रेला जातो म्हणून सुट्टी मागितली आणि त्या सुट्टीत एकट्याने पाचशे ओंडके कापून, तयार करून एका गुहेत लपवून ठेवले. पण नुसते टाकून उपयोग नाही, खाली कुणी बघत असलं पाहिजे, हे त्याला पक्कं माहीत होतं. म्हणून परत येऊन मठात राबला, पुन्हा यात्रेसाठी सुट्टी घेतली, आणि तिथून निघून चालत ल्हासाला गेला, फक्त एक पत्र लिहून घ्यायला. स्वतःला लिहिता येत नव्हतं, म्हणून एका सिक्कीमच्या माणसाकडून लिहून घेतलं. पत्र नेमसिंगच्या नावाने दार्जिलिंगला जायचं होतं, त्यात लामाने मला विकलं, सरकारी सामान घेऊन तो पळाला, आणि मी अमुक तिबेटी महिन्यात अमुक तारखांना रोज पन्नास ओंडके सोडणार आहे, असा सगळा मजकूर. मग तो परत मठात आला. ल्हासाहून दार्जिलिंगचा रस्ता मोकळा असताना तो मालकाकडे परत आला, कारण ओंडके इथे होते. आणखी नऊ महिने काम केल्यावर मुख्य लामाने त्याची भक्ती बघून त्याला मुक्त केलं. आणि 1883 च्या अखेरीस, ठरलेल्या तारखांना, दहा दिवस, रोज पन्नास, किंथुपने पाचशेच्या पाचशे ओंडके त्सांगपोत सोडले.

खाली कुणीही नव्हतं. पत्र योग्य हातात वेळेत पोचलं नाही. हारमन आजारी पडून भारत सोडून गेले होते आणि त्याच वर्षी वारले होते. ओंडके बहुतेक आसामातून बंगालच्या उपसागरात गेले असतील.

किंथुप त्यानंतरही नदीच्या कडेने खाली गेला, आसामच्या सपाटीच्या बऱ्यापैकी जवळ, आणि पुढे रस्ता बंद झाला म्हणून मागे फिरून नोव्हेंबर 1884 मध्ये दार्जिलिंगला पोचला. चार वर्षांहून जास्त. घरी आई वारलेली होती. त्याने सगळा प्रवास तोंडी सांगितला, तो दुसऱ्याने लिहून घेतला, तिसऱ्याने भाषांतर केलं, खात्याने काही वर्षांनी छापला, आणि बऱ्याच लोकांनी त्यावर फारसा विश्वास ठेवला नाही, कारण नोकराची आठवण, त्यात मोजमाप नाही, उपकरणं नाहीत. त्या छापलेल्या वृत्तांतात त्सांगपोवर दीडशे फुटांचा धबधबा होता, आणि त्याच धबधब्याच्या मागे भूगोलवाले बरीच वर्षं लागले. मग 1913 मध्ये बेली आणि मोर्सहेड हे दोन अधिकारी त्या भागात गेले, तिथे मुख्य नदीवर त्यांना साधारण तीस फुटांचाच धबधबा दिसला. बाकी जागा मात्र किंथुपने सांगितलेल्या क्रमाने एकेक मिळत गेल्या. परत आल्यावर बेलींनी त्याला शोधून काढलं, तो दार्जिलिंगमध्ये शिंपीकाम करत होता. विचारलं तेव्हा त्याने सांगितलं की दीडशे फुटांचं पाणी ग्यालाजवळच्या एका ओढ्याचं होतं, मुख्य नदीचं नव्हे. लिहून घेणाऱ्यांनी दोन्ही एकत्र केलं होतं, आणि त्याला वाचता येत नसल्याने आपल्या नावावर काय छापलंय हे त्याला इतकी वर्षं कळलंच नव्हतं.

बेलींनी त्याला पेन्शन मिळावी म्हणून प्रयत्न केले. सरकारला काळजी ही, की माणूस खूप वर्षं जगला तर किती द्यावं लागेल. शेवटी 1914 मध्ये सिमल्याला बोलावून एक हजार रुपये एकरकमी दिले. त्यानंतर थोड्याच काळात तो गेला.

आता कुणी म्हणेल की ही ब्रिटिशांच्या काळातली गोष्ट, वसाहतवादी सरकारकडून वेगळी काय अपेक्षा ठेवणार. तेवढं खरं आहे. ती मोहीमच मुळी साम्राज्याच्या सीमेसाठी होती, नदीकाठच्या लोकांसाठी नव्हती, आणि ज्या भागाला ते नकाशावर कोरा म्हणत होते तिथे मोनपा, मेंबा आणि आदी या जमातींचे लोक पिढ्यानपिढ्या राहत होते, पेमाको या तिथल्या पवित्र मानलेल्या भागात यात्रेकरू येत-जात होते, किंथुप ज्या सुट्ट्या घेऊन काम करत होता त्या सुट्ट्या यात्रेच्या नावावरच मिळाल्या होत्या. पण मला त्यात जे दिसतं ते असं, की माहिती गोळा करायला जीव लावणारा माणूस वर होता, माहितीची गरज खाली होती, आणि मधली यंत्रणा पूर्णपणे एका अधिकाऱ्यावर आणि एका गुप्त पत्रावर अवलंबून होती. तो अधिकारी गेला आणि साखळी तुटली. त्या तारखा आसामातल्या कोळ्यांना, नावाड्यांना, बाजारात उघडपणे माहीत असत्या तर त्या दहा दिवसांत एक तरी ओंडका कुणाच्या तरी हाताला लागला असता. गुप्त ठेवल्यामुळे शत्रूचं काही नुकसान झालं नाही, फक्त स्वतःचंच काम वाया गेलं.

हे आज कसं लागू होतं ते बघा. 9 एप्रिल 2000 रोजी त्याच परिसरातल्या यिगोंग नदीवर प्रचंड दरड कोसळली आणि नदी अडून तलाव तयार झाला. यिगोंगचं पाणी पुढे महावळणाजवळ त्सांगपोला मिळतं. दोन महिने पाणी साठत राहिलं आणि 10 जूनला बांध फुटला. पाण्याने किंथुपच्या ओंडक्यांचाच रस्ता धरला, सरळ सियांगमध्ये. अरुणाचलमध्ये माणसं मेली, पूल वाहून गेले, हजारो लोक बेघर झाले. दोन महिने वर पाणी तुंबतंय आणि खालच्या गावांना काही पत्ताच नाही, विचार करा. त्यानंतर 2002 मध्ये पावसाळ्यातला डेटा देण्याचा भारत-चीन करार झाला, तो वेळोवेळी वाढवला गेला, पण 2017 मध्ये डोकलामचा तणाव होता तेव्हा चीनकडून ब्रह्मपुत्रेचा डेटा आलाच नाही. त्याच वर्षीच्या शेवटी पासीघाटला सियांगचं पाणी काळं-करडं व्हायला लागलं, लोकांमध्ये बोगद्याच्या अफवा पसरल्या, नंतर सॅटेलाइट फोटोंवरून भूकंपानंतरच्या दरडींकडे बोट गेलं. आणि ऑक्टोबर 2018 मध्ये ग्यालाजवळ, हो त्याच ग्यालाजवळ, दरडीने त्सांगपो अडली, तेव्हा मात्र चीनने कळवलं, अरुणाचलमध्ये नदीकाठच्या लोकांना वेळेत सावध केलं गेलं आणि मोठी हानी टळली. 2000 आणि 2018, नदी तीच आणि संकटही त्याच जातीचं, फरक एवढाच की दुसऱ्या वेळी निरोप पोचला. यापेक्षा मोठा पुरावा काय पाहिजे? आणि डेटाच्या त्या कराराची मुदत 2023 मध्ये संपलीय.

पण सगळी बोटं चीनकडे दाखवून आपण मोकळे होऊ शकत नाही. केंद्रीय जल आयोगाची तुतिंग, यिंगकिओंग, पासीघाट अशी केंद्रं सियांगवर आहेत, तिथे माणसं पावसात उभी राहून नदी मोजतात. पुराच्या दिवसांत पातळी वेबसाइटवर दिसते, ते चांगलंच आहे. पण नदीत दर सेकंदाला किती पाणी वाहतंय, गेल्या तीस-चाळीस वर्षांत ते कसं बदललं, हा डेटा सिंधू, गंगा आणि ब्रह्मपुत्रा या खोऱ्यांसाठी क्लासिफाइड आहे. संशोधकाला हवा असेल तर परवानग्या, हमीपत्रं, अटी. गुवाहाटीत किंवा दिब्रुगडमध्ये नदीवर पीएचडी करणाऱ्या पोराला घराशेजारच्या नदीचा आकडा मिळवायला फाइल हलवावी लागते.

आपल्याकडच्या नद्यांना हा नियम नाही आणि त्याचा फरक आपण स्वतः बघितलाय. 2019 च्या पुरात सांगली-कोल्हापुरात लोक रात्र-रात्र कोयनेचा विसर्ग, आयर्विन पुलाची पातळी, अलमट्टीचा साठा हे आकडे मोबाइलवर बघत होते. त्या आकड्यांनी पूर थांबला नाही, खूप चुका झाल्या, पण नंतर लोकांनी समितीपुढे, सभांमध्ये, आकडे घेऊन भांडण केलं, आणि अलमट्टीच्या उंचीवर आजही शेतकरी आकडे घेऊन बोलतो. सियांगकाठच्या आदी जमातीच्या शेतकऱ्याला असं भांडताच येत नाही.

आणि त्याला भांडायचंय. चीनच्या धरणाला उत्तर म्हणून आपण सियांगवर अकरा हजार मेगावॅटच्या वरचा प्रकल्प आणतोय. गावकऱ्यांनी सर्व्हेलाच विरोध केला, सर्व्हेसाठी केंद्रीय दलं गेली, त्याविरुद्ध आंदोलनं झाली. सरकार म्हणतं वरून अचानक पाणी सोडलं किंवा अडवलं तर आपल्याकडे साठा हवा. हा मुद्दा खोटा असेलच असं नाही. पण त्या मुद्द्याला आधार काय, तर नदीच्या प्रवाहाचा डेटा, आणि तोच बंद कपाटात. म्हणजे ज्याचं गाव आणि भातशेती बुडणार त्याला आपण सांगतो की आमच्याकडे आकडे आहेत, तुम्ही विश्वास ठेवा. जिला ते आने सियांग म्हणतात, आई म्हणतात, त्या नदीबद्दल त्यांना दिलेली ही वागणूक मला मान्य नाही. धरण हवं की नको हा माझा या लेखातला मुद्दा नाहीये, माझा मुद्दा त्या चर्चेत दोन्ही बाजूंना सारखी माहिती असावी हा आहे.

सुरक्षेचं कारण नेहमी पुढे येतं. शत्रूला कळेल. पण या नदीच्या बाबतीत वरचा देश चीन आहे, पाणी त्यांच्याकडून येतं, त्सांगपोवर त्यांची स्वतःची केंद्रं आहेत, महावळणात किती पाणी येतं हे त्यांना आपल्याआधी माहीत असतं. आणि आता तर 2022 मध्ये सोडलेला अमेरिका-फ्रान्सचा स्वॉट सॅटेलाइट वरून नद्यांची पातळी आणि रुंदी मोजतो, त्यावरून प्रवाहाचा अंदाज काढता येतो, आणि तो डेटा कुणालाही फुकट डाउनलोड करता येतो. पॅरिसमधल्या विद्यार्थ्याला ब्रह्मपुत्रेचा अंदाज मिळतो आणि पासीघाटच्या विद्यार्थ्याला त्याच्या गावात मोजलेला खरा आकडा मिळत नाही. मग आपण नक्की कुणापासून लपवतोय? बांगलादेशशी पाणीवाटपाच्या बोलण्यांमध्ये आपला हात दुबळा होईल असंही म्हणतात. मला ते पटत नाही, कारण उद्या चीन आपल्याला म्हणणार की आमचा डेटा आमच्या सुरक्षेचा विषय आहे, तेव्हा आपण कुठल्या तोंडाने मागणार? खालच्या देशाला माहिती मिळालीच पाहिजे हे तत्त्व आपण चीनला ऐकवतो तर ते आधी आपण पाळायला हवं, आपल्या लोकांशी आणि बांगलादेशशीही.

किंथुपचं नाव पाठ्यपुस्तकात यावं, असंही मला मनापासून वाटतं. तिकीट निघालं तर उत्तमच. सियांगवरच्या एखाद्या मोजणी केंद्राला त्याचं नाव दिलं तर मला सगळ्यात जास्त आनंद होईल, आणि तिथे रोज नदी मोजणाऱ्या माणसाचं नावही नोंदीत यावं, कारण किंथुपसारखाच तोही कुठल्याच रिपोर्टमध्ये दिसत नाही. पण नाव देऊन कपाट बंदच ठेवलं तर त्याचा काही अर्थ नाही.

यासाठी नवा कायदा लागत नाही. जलशक्ती मंत्रालयाने आपल्या डेटा धोरणातली क्लासिफाइडची अट बदलायची आहे, एवढंच. सगळं एका दिवसात खुलं करायला भीती वाटत असेल तर सियांगपासून सुरुवात करा, तुतिंग, यिंगकिओंग आणि पासीघाट या तीन केंद्रांचा रोजचा प्रवाह, जुन्या सगळ्या वर्षांसकट, आणि तो नुसता इंग्रजी पोर्टलवर नको, तर आदी, असमिया आणि हिंदीत, गावच्या मोबाइलवर, रेडिओवर, ग्रामसभेच्या फळ्यावर. खर्च फारसा नाही, मोजणी तर चालूच आहे. येत्या पावसाळ्याच्या आधी हे होऊ शकतं, आणि आपल्या खासदारांनी, मग ते महाराष्ट्राचे असले तरी, संसदेत हा प्रश्न विचारावा, कारण नियम केंद्राचा आहे.